‘गेट’च्या पुढचा शब्द बघा

पावसाळ्यात कोल्हापुरात ‘गेट’ म्हटलं की राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजेच आठवतात. किती गेट उघडली, पंचगंगा किती फुटांवर आली, शिरोलीजवळ हायवे चालू आहे का. हा लेख त्या गेटचा नाही. इंग्रजीत याच स्पेलिंगच्या आसपासचं एक छोटं क्रियापद आहे. देवनागरीत लिहिलं तर ते दरवाजासारखंच दिसतं, कानाला मात्र वेगळं लागतं. दरवाजाच्या गेटमधला ‘ए’ लांब, शेवटी ‘इ’कडे झुकणारा. क्रियापदातला ‘ए’ तोकडा, आणि ‘ट’वर जीभ लगेच थांबते. त्याचा भूतकाळ ‘गॉट’. इथून पुढे ‘गेट’ म्हणजे हे क्रियापद.

नुकतंच इंग्रजी बोलायला लागलेल्यांसाठी हे लिहितोय. पुण्याला मुलाखतीला जाणारी पोरं, महाद्वार रोडवर बाहेरच्या गिऱ्हाइकाशी बोलणारे दुकानदार, एमआयडीसीत परराज्यातल्या कंपन्यांचे फोन घेणारे. या सगळ्यांना शाळेत एकच अर्थ सांगितलेला असतो: गेट म्हणजे मिळणे. मग ‘गेट मॅरीड’, ‘गेट अप’, ‘गेट टू पुणे’ कानावर पडलं की गाडी अडते. काही जण शब्दकोश उघडतात, तिथली लांबच लांब यादी बघून घाबरतात आणि वही मिटतात.

यादी पाठ करायचीच नाही. का, ते आपल्या ‘लागणे’वरून बघा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, दार लागतं, नाद लागतो, सांगलीला जायला तास-दीड तास लागतो, आणि तो पाहुणा तुमचा कोण लागतो? स्टँडवर कुणी म्हणालं ‘बस लागली’, तर आपण पिशवी उचलून फलाटाकडे धावतो. तेच वाक्य गगनबावड्याच्या घाटात कुणी म्हणालं, तर खिडकीची जागा देतो आणि लिंबू शोधतो. हे अर्थ आपल्याला कुणी क्रमांक घालून शिकवले नाहीत. शेजारी कुठला शब्द आहे आणि आपण कुठे उभे आहोत, एवढ्यावर काम भागतं. ‘गेट’ची रीत तीच आहे. फरक एवढाच की मराठीत खूण ‘लागणे’च्या आधी येते आणि इंग्रजीत ती ‘गेट’च्या नंतर येते. म्हणून ‘गेट’ ऐकू आला की तिथे थांबू नका, पुढचा शब्द पकडा.

पायरी १: पुढे वस्तू आहे का?

असेल तर मिळणं, आणणं, विकत घेणं किंवा येणं, यांपैकी काहीतरी असणार. ‘आय गॉट अ जॉब’ म्हणजे नोकरी लागली. ‘आय गॉट अ कॉल फ्रॉम पुणे’ म्हणजे पुण्याहून फोन आला. ‘शी गॉट धिस साज इन गुजरी’ म्हणजे हा साज, गळ्यातला दागिना, तिने गुजरीत, आपल्या सराफ बाजारात घेतला. ‘गेट सम मिल्क’ म्हणजे दूध आण. ‘कोल्हापुरी चप्पल्स गॉट द जीआय टॅग इन २०१९’ म्हणजे कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. यातला नेमका कुठला मराठी शब्द, याचा विचार बोलताना करत बसू नका. वस्तू आधी तुमच्याकडे नव्हती आणि आता आली, एवढंच ‘गेट’ सांगतो. ती कष्टाने आली, पैशाने आली की आपोआप आली, ते बाकीच्या वाक्यावरून समोरच्याला कळतं.

आजारही या अर्थाने ‘येतात’: ‘ही गॉट डेंग्यू’. आणि ‘कुणासाठी आण’ म्हणायचं असेल तर माणूस आधी, वस्तू नंतर: ‘गेट मी अ चेअर’. इथे क्रम अगदी मराठीसारखा आहे, ‘मला खुर्ची आण’. तरी बरेच जण उगाच ‘टू’ घालतात आणि ‘गेट टू मी’ म्हणतात. तो ‘टू’ काढा.

एक गंमत लक्षात ठेवा. घरात बेल वाजली आणि कुणी म्हणालं ‘कॅन यू गेट द डोअर?’, तर दार उचकटून आणायचं नाही, उघडायचं. ‘गेट द फोन’ म्हणजे फोन उचल. आणि ‘गॉट इट’ म्हणजे कळलं. ‘आय डोन्ट गेट इट’ म्हणजे डोक्यात शिरत नाही.

पायरी २: पुढे गुण सांगणारा शब्द आहे का?

मग ‘गेट’ म्हणजे ‘होणं’. ‘इट्स गेटिंग लेट’, उशीर होतोय. ‘द रस्सा इज गेटिंग कोल्ड’, रस्सा गार व्हायला लागलाय. ‘द रिव्हर इज गेटिंग हायर’, नदी चढायला लागलीय. मराठीत शेवटच्या दोन्ही वेळा ‘लागणे’च मदतीला आलं, हे बघितलंत ना?

इथे एक फरक मुद्दाम समजून घ्या, कारण आपल्याकडचे विद्यार्थी तो टाळून जातात. ‘आय वॉज अँग्री’ म्हणजे मी रागात होतो. ‘आय गॉट अँग्री’ म्हणजे मला राग आला. पहिलं वाक्य अवस्था सांगतं, दुसरं बदल. ‘तुम्ही त्या वेळी काय केलंत?’ असा मुलाखतीतला प्रश्न आला की गोष्ट सांगावी लागते, आणि गोष्ट बदलांवर चालते. सगळी वाक्यं ‘वॉज, वॉज, वॉज’ अशी आली तर गोष्ट जागची हलत नाही. ‘आय बिकेम अँग्री’ चूक नाही, पण पुस्तकी वाटतं.

आता सापळा. ‘तो डॉक्टर झाला’ याचं ‘ही गॉट अ डॉक्टर’ होत नाही. डॉक्टर हा गुण नाही, नाम आहे, म्हणजे आपण परत पायरी १ वर आलो आणि अर्थ झाला: त्याने डॉक्टर बोलावून आणला. तिथे ‘ही बिकेम अ डॉक्टर’च हवं. लग्नाचंही असंच: ‘शी गॉट मॅरीड टू अ बॉय फ्रॉम सांगली’. ‘लग्न कुणाशी?’ या मराठी सवयीने आपण ‘विथ’ म्हणतो, इंग्रजीत ‘टू’.

पायरी ३: पुढे जागा आहे का?

मग पोहोचणं. ‘हाउ डू आय गेट टू रंकाळा?’ हा प्रश्न कोल्हापुरात बाहेरून आलेला माणूस तुम्हाला विचारणारच. पन्हाळा, जोतिबा, अंबाबाईचं देऊळ, कुठलंही नाव घाला. ‘गो’ आणि ‘गेट’ यांत घोळ घालू नका. ‘गो’ म्हणजे जाणं, ‘गेट’ म्हणजे जाऊन पोहोचणं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात हायवे बंद पडला तेव्हाची अवस्था इंग्रजीत एका ओळीत सांगता येते: ‘वी स्टार्टेड फॉर पुणे, बट वी कुडन्ट गेट देअर.’ निघालो, पण पोहोचलो नाही. नदीच्या पातळीलाही हे चालतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. ‘द वॉटर गॉट टू ४३ फीट’ म्हणजे पाणी धोका पातळीला टेकलं.

‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्या आधी ‘टू’ लागत नाही. ‘आय गॉट होम ॲट टेन.’ ‘गेट टू होम’ ऐकलं की ऐकणाऱ्याला लगेच खटकतं.

गाडीत चढण्या-उतरण्याचा नियम सोपा आहे. ज्या गाडीत उभं राहून चालता येतं, तिथे ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’: केएमटीची शहर बस, एसटी, महालक्ष्मी एक्स्प्रेस. जिथे वाकून शिरावं लागतं, तिथे ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’: कार, रिक्षा. दुचाकीवर आपण चढूनच बसतो, म्हणून तिथेही ‘ऑन’ आणि ‘ऑफ’. आपल्याकडे सगळे ‘गेट डाउन ॲट दसरा चौक’ म्हणतात. भारतात ते बिनबोभाट चालतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. परदेशी माणसासमोर मात्र ‘गेट ऑफ’ म्हणा.

पायरी ४: आधी वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप

या पायरीवर वेळ द्या. आपल्या बोलण्यातली सगळ्यात मोठी गळती इथेच आहे.

‘मी काल केस कापले.’ मराठीत हे ऐकून कुणी विचारत नाही की स्वतःच कात्री घेतलीस काय? पण ‘आय कट माय हेअर’ असं इंग्रजीत म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, तुम्ही आरशासमोर बसून स्वतःच कापले. म्हणायचं असतं: ‘आय गॉट माय हेअर कट.’ तसंच ‘आय रिपेअर्ड माय बाइक’ म्हटलं तर तुम्ही मेकॅनिक ठरता. दुसऱ्याकडून काम करून घेतलं असेल तर ‘आय गॉट माय बाइक रिपेअर्ड’.

मराठीत याला नेमकी जोड आहे: ‘करून घेणे’. चपलेचा अंगठा शिवून घेतला, ‘आय गॉट माय चप्पल स्टिच्ड’. साज पॉलिश करून घेतला, ‘शी गॉट द साज पॉलिश्ड’. उद्यमनगरात कारखाना चालवणाऱ्या माणसाला हे रोज लागेल: कास्टिंग एका ठिकाणी ओतलं आणि मशीनिंग दुसऱ्याकडून करून घेतलं, ‘वी गॉट द कास्टिंग्ज मशीन्ड आउटसाइड’. मनात ‘-ऊन घेतलं’ असं काही आलं की इंग्रजीत हा साचा काढायचा. क्रम पक्का ठेवा. वस्तू मध्ये, क्रियापद शेवटी. ‘आय गॉट रिपेअर्ड माय बाइक’ होत नाही.

कुणाकडून करून घेतलं, ते नावानिशी सांगायचं असेल तर साचा बदलतो: माणूस, मग ‘टू’, मग क्रियापदाचं मूळ रूप. ‘आय गॉट द टेलर टू फिनिश इट बाय फ्रायडे.’ या वाक्यात चार फोन, दोन हेलपाटे आणि थोडी मनधरणी लपलेली आहे. टेलरच्या मागे लागून काम उरकून घेतलं, असा त्याचा रंग. त्याऐवजी ‘आय मेड द टेलर फिनिश इट’ म्हटलं तर जबरदस्ती येते, आणि ‘आय हॅड द टेलर फिनिश इट’ म्हटलं तर नुसतं काम सांगितलं आणि त्याने केलं. ‘मेड’ आणि ‘हॅड’ यांच्यामागून ‘टू’ येत नाही, ‘गॉट’मागून येतो. ग्राहक कंपनीच्या साहेबाला ईमेल करताना ‘वी मेड अवर सप्लायर सेंड इट’ असं लिहाल तर सप्लायरशी तुमचं भांडण झालंय असं त्याला वाटेल.

याच साच्यात आणखी दोन अर्थ बसतात. ‘लेट्स गेट द वर्क डन’ म्हणजे काम उरकून टाकू. इथे बहुतेक वेळा करणारे आपणच असतो. आणि ‘ही गॉट हिज हँड कॉट इन द मशीन’ म्हणजे त्याचा हात मशीनमध्ये सापडला. हात कुणी मुद्दाम अडकवून घेत नाही, त्यामुळे अर्थाचा गोंधळ होत नाही. साचा एकच, निवाडा व्यवहारज्ञान करतं.

पायरी ५: थेट तिसरं रूप

मध्ये वस्तू नसेल आणि ‘गेट’पाठोपाठ लगेच तिसरं रूप आलं, तर काहीतरी आपल्यावर ओढवलं: ‘माय मोबाइल गॉट स्टोलन’, ‘वी गॉट स्टक ॲट ताराराणी चौक’. नशीब चांगलं असलं तरी चालतं: ‘शी गॉट सिलेक्टेड’. अचानक घडलेल्या, अंगावर आलेल्या गोष्टींना हे शोभतं. संस्थेच्या इतिहासाला शोभत नाही. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ ची. तिथे ‘वॉज एस्टॅब्लिश्ड’ म्हणा. ‘गॉट एस्टॅब्लिश्ड’ म्हटलं तर विद्यापीठ चुकून झालं असं वाटेल.

पायरी ६: ‘टू’ आणि क्रियापद

‘आय गॉट टू सी द मॅच’ म्हणजे मॅच बघायला मिळाली. शाहू स्टेडियमवरच्या पेठांच्या फुटबॉल फायनलला आत जागा मिळाली तर हेच म्हणाल. पण आधी ‘हॅव’ लावलात तर अर्थ उलटतो: ‘आय हॅव गॉट टू सी द मॅच’ म्हणजे बघायलाच पाहिजे. पहिल्यात संधी, दुसऱ्यात सक्ती. घाईच्या बोलण्यात ‘हॅव’चा फक्त ‘व्ह’ उरतो, कधी तोही गळतो आणि ‘आय गॉटा गो’ एवढंच ऐकू येतं. संधी की सक्ती, ते तेव्हा प्रसंगावरून ओळखा.

‘हॅव गॉट’च्या पुढे नुसती वस्तू आली तर ‘आहे’: ‘आय हॅव गॉट थ्री सिस्टर्स’. अमेरिकन बोलण्यात ‘गॉटन’ असं आणखी एक रूप ऐकाल. ‘आय हॅव गॉटन द टिकेट्स’ म्हणजे तिकिटं मिळवली, आणि ‘आय हॅव गॉट द टिकेट्स’ म्हणजे तिकिटं माझ्याजवळ आहेत. ब्रिटिश वळणात दोन्हीकडे ‘गॉट’ चालतो, आणि आपण शाळेत तेच शिकलो. ‘गॉटन’ ऐकून ओळखता आला म्हणजे पुरे, वापरायची गरज नाही.

पायरी ७: मागे लागलेले छोटे शब्द

अप, ओव्हर, बाय, थ्रू असले शब्द ‘गेट’ला चिकटले की अर्थ फोडून कळत नाही. इथे मात्र जोडी अख्खी लक्षात ठेवावी लागते. मराठी क्रियापदाशी तिची गाठ मारली तर ती टिकते. ‘गेट अलॉन्ग’ म्हणजे पटणं: जावाजावांचं पटतं. ‘गेट बाय’ म्हणजे भागणं: एवढ्या पगारात भागतं. ‘गेट ओव्हर’ म्हणजे सावरणं. ‘गेट थ्रू’ म्हणजे फोन लागणं: ‘आय कुडन्ट गेट थ्रू’, फोन लागलाच नाही. ‘गेट अवे विथ’ला मराठीत ‘पचणं’इतका चपखल दुसरा शब्द नाही: केलं आणि पचलं. ‘गेट अराउंड टू’ म्हणजे सवड काढून अखेर हात घालणं; माळ्यावरची अडगळ आवरायला आपण कधी ‘गेट अराउंड टू’ होत नाही. एका आठवड्यात एकच जोडी घ्या, पण ती घरात, दुकानात, रिक्षात बसून स्वतःच्या वाक्यात वापरा.

जाता जाता एक. हा शब्द मुळात इंग्रजांच्या घरचा नाही. सुटा ‘गेट’ इंग्रजीत आला तो स्कँडिनेव्हियाकडून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतल्या ‘गेता’वरून. त्याचाच चुलत भाऊ मात्र आधीपासून इंग्रजीत होता, तो आज ‘फर्गेट’मध्ये उरलाय. ‘टेक’, ‘एग’, ‘विंडो’, इतकंच काय पण ‘दे’ हे सर्वनामसुद्धा नॉर्सकडून आलेलं. कानडी मुलखाला लागून राहणाऱ्या कोल्हापूरकराला याचं नवल वाटू नये. आपण अण्णा आणि अक्का रोज म्हणतो, ते कुठून आले हे विचारत नाही.

पायरी ८: कुठे वापरायचा नाही

अर्जात, सरकारी पत्रात आणि कंपनीच्या औपचारिक ईमेलमध्ये ‘गेट’ कमी करा. ‘आय गॉट युवर लेटर’ऐवजी ‘आय हॅव रिसीव्ह्ड युवर लेटर’. पदवीसाठी ‘ऑब्टेन्ड’, पोहोचण्यासाठी ‘अराइव्ह्ड’. उलटी चूकही करू नका: गप्पांत ‘आय ऑब्टेन्ड अ मिसळ’ म्हणालात तर समोरचा पाव बाजूला ठेवून तुमच्याकडे बघत राहील.

दुकानदारांना वेगळी सूचना. आज्ञार्थी ‘गेट’ फार कडक लागतो. ‘जरा बाहेर या, इकडचा रंग उन्हात बघा’ असं गिऱ्हाइकाला सांगायला ‘गेट आउट’ म्हटलंत तर गिऱ्हाईक खरंच बाहेर जाईल आणि परत येणार नाही. ‘प्लीज कम आउटसाइड’ म्हणा.

वही कशी ठेवायची

अर्थांप्रमाणे पानं पाडू नका, पुढच्या शब्दाप्रमाणे पाडा: वस्तू, गुण, जागा, वस्तू आणि तिसरं रूप, नुसतं तिसरं रूप, ‘टू’ आणि क्रियापद, जोड्या. क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री, ऑफिसातला फोन, मोबाइलवरचा व्हिडिओ, कुठेही ‘गेट’ ऐकू आला की वाक्य त्या पानावर टाका. मराठी अर्थ लिहायची घाई करू नका.

सुरुवातीला ही वाक्यं कुठल्या पानावर जातात ते बघा. ‘द रोड गॉट फ्लडेड.’ ‘डिड यू गेट द तांबडा ऑर द पांढरा?’ ‘माय फादर इज गेटिंग ओल्ड.’ ‘वी गॉट टू गगनबावडा बिफोर डार्क.’ ‘शी गॉट हर ब्रदर टू ड्राइव्ह.’

पहिलं वाक्य पान पाचवर. दुसरं पान एकवर. तिसरं पान दोनवर. चौथ्यात ‘टू’ दिसला म्हणून पान सहावर टाकू नका. त्याच्यापुढे क्रियापद नाही, गाव आहे, म्हणून पान तीन. पाचवं वाक्य पान चारच्या मागच्या बाजूला लिहा, जिथे माणूस मध्ये येतो. आणि ‘वी गॉट द हाउस क्लीन्ड फॉर गणपती’ असं काही सापडलं तर पान चारवर दोन्ही अर्थ लिहून ठेवा: आपणच आवरून टाकलं, किंवा बाई लावून आवरून घेतलं. कुठलं खरं, ते विचारल्याशिवाय इंग्रजांनाही कळत नाही.